करवत स्वतःची, बोटेही स्वतःची

मुंब्रा, पनवेल, महापे आणि कल्याण अशा चार दिशांचे रस्ते शीळफाट्यावर एकत्र येतात. तेथून कल्याणच्या बाजूला वळले, की रस्त्याच्या कडेने फर्निचर, प्लायवूड आणि मार्बलची दुकाने लागतात. त्यामागे गोदामे आणि पुढे डोंबिवलीपर्यंत उभे राहत असलेले टॉवर. नव्या इमारतीतला रंग वाळतो न वाळतो तोच सुतारकाम सुरू होते. एका मजल्यावर स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, दुसऱ्यावर कपाटे, तिसऱ्यावर दाराच्या चौकटी. आणि सगळ्या मजल्यांवरून येणारा करवतीचा तो कर्कश आवाज.

हा आवाज येतो तेथे जाऊन पाहिले, तर बहुधा एकच दृश्य दिसते. फळ्या ठोकून केलेला घोडा, त्यावर प्लायचा तुकडा, त्याला पाडलेली चीर आणि त्या चिरेतून वर आलेले फिरते पाते. खाली हातात धरायची कटर मशीन उलटी करून स्क्रूने आवळलेली असते. तिचे बटण दाबलेलेच राहावे म्हणून त्यावर तार किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली असते. काही ठिकाणी तर मूळचा मार्बल कापायचा कटर असतो, त्याला लाकडाचे पाते बसवलेले. पात्यावर झाकण नाही, चटकन हाती लागेल असे बंद करायचे बटण नाही. फळी पुढे सरकवणाऱ्या हाताची बोटे आणि पाते यांच्यामध्ये फक्त कारागिराचे लक्ष असते. तेवढ्यावर दिवस निघतो आणि बहुतेक दिवस निभावून जातो. एखादा दिवस निभावत नाही.

कामाच्या जागी उचलून नेता येणारी, कारखान्यात तयार झालेली टेबल सॉ आता दुकानांतही मिळते आणि घरबसल्या मागवताही येते. ती घ्यावी का, असा प्रश्न स्वतःची कामे घेणाऱ्या अनेक मिस्त्रींपुढे असतो. हौसेने सुतारकाम करणारे काही रहिवासीही तिचा विचार करतात. हा हिशेब बहुधा पैसे, वेळ आणि कापाची सफाई एवढ्यावर मांडला जातो. त्यात एक रकाना राहून जातो, तो म्हणजे हात.

यंत्र कसे असते?

हे यंत्र म्हणजे एक छोटे धातूचे टेबल. त्याखाली साधारण १५०० ते २००० वॅटची मोटर असते आणि मधल्या फटीतून सहसा दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते वर येते. पाते वरखाली करता येते, ४५ अंशांपर्यंत कलवता येते. बाजूला सरकणारी सरळ धातूची पट्टी म्हणजे फेन्स. तिला टेकवून फळी पुढे नेली, की पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत रुंदी सारखी राहते. वजन वीस किलोच्या पुढे असते आणि अनेक यंत्रांना घडीचा, चाकांचा स्टँड मिळतो.

खोक्यात आणखी काही वस्तू येतात. पात्यावर बसणारे पारदर्शक झाकण, म्हणजे गार्ड. पात्याच्या लगेच मागे उभी राहणारी पोलादी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ. लाकूड ढकलायची खाचेची काठी, म्हणजे पुश स्टिक. आणि समोर, गुडघ्यानेही दाबता येईल असे मोठे बंद करायचे बटण. उलट्या टांगलेल्या कटरमध्ये यांतले काहीही नसते. कारखान्यातले यंत्र आणि साइटवरचा जुगाड यांच्यातला वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

फायद्याची बाजू

पहिला फायदा कामाचा. कपाटाच्या पट्ट्या, ड्रॉवरच्या बाजू, बीडिंग अशा एकाच मापाच्या वीस-पंचवीस पट्ट्या चिरायच्या असतील, तर फेन्स एकदा लावून सगळ्या काढता येतात. दर वेळी खूण करणे, पट्टी धरणे, मग रंध्याने कड सरळ करणे वाचते.

दुसरा फायदा शरीराचा. जमिनीवर फळी टाकून, उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून हातातली मशीन चालवताना कंबर, मान आणि गुडघे यांवर सतत ताण येतो. मशीनची थरथर मनगटात उतरते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने बोटांना मुंग्या येणे, थंडीत ती पांढरी पडणे, पकड सैल होणे असे त्रास सुरू होऊ शकतात. टेबल सॉवर कारागीर उभा राहतो आणि मोटरचे वजन हातात नसते.

तिसरा फायदा मालकीचा. भाड्याच्या किंवा ठेकेदाराच्या यंत्राचे गार्ड कधी हरवले, पाते कधी बोथट झाले, हे विचारायला कोणी नसते. बोथट पात्यावर लाकूड जोराने ढकलावे लागते आणि जोराने ढकललेला हातच घसरतो. स्वतःच्या यंत्राची कुरकूर कारागिराच्या कानाला लगेच कळते.

खरेदीसाठी आधारही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. शिवाय ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि पुढे २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे.

तोट्याची बाजू

नावाजलेल्या कंपनीच्या यंत्राला अर्ध्या लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. लिफ्ट सुरू न झालेल्या इमारतीत ते सातव्या मजल्यावर चढवणे म्हणजे कमरेची परीक्षा. रात्री साइटवर ठेवले तर चोरीची धास्ती.

टेबल लहान असते. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा अख्खा प्लाय तीस किलोच्या पुढे भरतो. तो एकट्याने या टेबलावर चढवला, की तोल जातो, फळी तिरकी होते आणि पात्यात अडकते. मोठे ताव आधी दुकानातल्या मोठ्या यंत्रावर मापाने कापून घ्यावेत आणि साइटवर फक्त बारीक चिराई करावी. वर्षातून दोन-तीनदाच काम निघणाऱ्या हौशी माणसाला तर दुकानातून कापून आणणेच परवडते, पैशानेही आणि बोटांनीही.

विजेचा प्रश्न वेगळा. हे यंत्र आठ-नऊ अँपिअर वीज सहज ओढते. बारीक वायरच्या लांबलचक एक्स्टेंशनवर दाब पडतो, मोटर तापते, पाते मध्येच मंदावते. अर्थिंग नसलेल्या तात्पुरत्या जोडणीवर, ओल्या फरशीवर धातूचे टेबल म्हणजे शॉकला आमंत्रण. जाड वायर, तीन पिनांची सोळा अँपिअरची जोडणी आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

पाव सेकंदात पाचशे दात

दहा इंची पाते मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होतो, धावत्या लोकलच्या दुपटीहून अधिक. चोवीस दातांचे पाते असेल, तर एका जागेवरून सेकंदाला दोन हजार दात जातात. काहीतरी लागले हे मेंदूला कळून हात मागे यायला पाव सेकंद धरला, तरी तेवढ्यात पाचशे दात फिरून गेलेले असतात. ‘हात पटकन काढू’ हा विश्वास या हिशेबापुढे टिकत नाही.

अनेकदा हात पात्याकडे जात नाही, त्याला ओढले जाते. चिरलेल्या लाकडात दडलेला ताण मोकळा झाला, की मागची फट मिटते आणि पात्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. पात्याचे मागचे दात वर येत असतात. ते लाकूड उचलतात आणि कारागिराच्या अंगावर भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात. फळी पोटात किंवा छातीत बसते आणि तिच्यावर टेकलेला हात त्याच क्षणी पात्यावर पडतो. ती फट मिटू न देणे हेच रायव्हिंग नाइफचे काम. दिसायला साधी पट्टी, पण यंत्रातला सर्वांत स्वस्त विमा तीच.

अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन वर्षाला सुमारे ३० हजार माणसे तातडीच्या विभागात येतात, असा तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. बोट किंवा त्याचा भाग तुटल्याच्या घटना त्यांत चार हजारांवर आहेत. यंत्रे कारखान्यात बनलेली, गार्डसह विकलेली, तरी ही स्थिती. कारण काम अडते म्हणून गार्ड काढून ठेवले जाते आणि पुन्हा बसवले जात नाही.

यावर स्टीफन गास या अमेरिकी संशोधकाने १९९९च्या सुमारास एक उपाय शोधला. माणसाचे शरीर वीज वाहून नेते, सुके लाकूड जवळजवळ नाही. पात्यात सोडलेल्या सूक्ष्म विद्युत संकेतात त्वचेच्या स्पर्शाने फरक पडला, की अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाते पाच सहस्रांश सेकंदांत थांबते. बोट तुटण्याऐवजी ओरखडा उठतो. अशी यंत्रे बरीच महाग असतात. एकदा ब्रेक लागला की ठोकळा आणि पाते दोन्ही बदलावी लागतात आणि फार ओल्या लाकडानेही ब्रेक लागू शकतो. ज्याला परवडेल त्याने जरूर घ्यावे. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी गार्ड, पट्टी आणि काठी आहेतच.

बोट तुटले तर

करवतीची जखम सुरीसारखी नसते. पात्याच्या जाडीएवढे, सुमारे तीन मिलिमीटर मांस आणि हाड भुसा होऊन गेलेले असते आणि कडा फाटलेल्या असतात. त्यामुळे तुटलेले बोट जोडणे अवघड असते, पण अशक्य नसते. जपानमध्ये १९६५ साली कोमात्सु आणि तामाई या शल्यचिकित्सकांनी पूर्ण तुटलेला अंगठा पुन्हा जोडला आणि तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र जगभर पसरले. मात्र ते साधायचे की नाही, हे साइटवरच्या पहिल्या दहा मिनिटांवर बरेचसे अवलंबून असते.

आधी यंत्राची वीज बंद करावी. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, दर मिनिटाला उघडून पाहू नये. हात छातीपेक्षा वर ठेवावा आणि सूज येण्याआधी अंगठी काढावी. बोटाच्या मुळाशी दोरी किंवा रबर आवळू नये. हळद, चुना, चहाची पूड, पेट्रोल यांतले काहीही जखमेत भरू नये, कारण ते सगळे नंतर खरवडून काढावे लागते. बोट कातडीवर लोंबत असेल तर ते तोडू नये, आहे तसे आधार देऊन बांधावे. पोटात चहा-पाणीही देऊ नये, भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

तुटलेला भाग भुशातून शोधावा. तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे. ही पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात, नुसत्या पाण्यात बुडवले तर फुगतात. तुकडा कितीही चेंदामेंदा दिसला, तरी टाकून देऊ नये. निर्णय शल्यचिकित्सकाला घेऊ द्यावा.

नीट थंड ठेवलेले बोट साधारण चोवीस तासांपर्यंत, तसेच ठेवलेले बारा तासांपर्यंत जोडता येण्याची आशा असते. तळहात किंवा मनगट तुटले तर त्यात स्नायू असतात आणि थंड न ठेवता हाती जेमतेम सहा तास उरतात. शीळफाट्याची वाहतूक कोंडी ठाऊक असलेल्याला या तासांची किंमत सांगायला नको. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त थांबवणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, सलाइन हे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात होऊ शकते. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया मात्र सर्वत्र, सर्व वेळी होत नाही. मुंबईत शीव, केईएम, जे.जे. येथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. रुग्ण गाडीत असतानाच फोन करून कोठे सोय आहे ते विचारावे. तीन दारांवरून परत येण्यात जे तास जातात, ते बर्फ परत आणून देत नाही.

आणि शस्त्रक्रियेनंतर विडी-सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि महत्प्रयासाने जोडलेले बोट काळे पडू शकते.

न दिसणारी इजा

इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध. तेथे १९६०च्या दशकात डॉ. एस्मे हॅडफील्ड या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या लक्षात आले, की नाकाच्या आतील एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण पुन्हा पुन्हा फर्निचर कामगारांतूनच येत आहेत. पुढील अभ्यासांनी ते खरे ठरवले आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा निश्चित कर्करोगकारक गटात घातला. हा आजार दुर्मीळच आहे, त्याला वर्षे लागतात. पण शिंका, नाक गच्च होणे, दमा, सागवान किंवा शिसवीच्या भुशाने उठणारी खाज हे रोजचे आहे. प्लाय आणि एमडीएफ चिरताना त्यांच्या गोंदातले फॉर्मल्डिहाइडही हवेत मिसळते आणि तेही कर्करोगकारक ठरलेले आहे.

नाकावर बांधलेला रुमाल जाड भुसा अडवतो, बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मुखपट्टी वापरावी, यंत्राच्या भुसा-नळीला व्हॅक्यूम जोडावा आणि काम संपल्यावर झाडू मारून धूळ पुन्हा उडवू नये.

कानाचे तसेच. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणे ही मर्यादा मानली, तर १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. टेबल सॉ तेवढा आवाज सहज करते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे अगदी थोडक्या पैशांत मिळतात.

अंगठ्याची किंमत

१९२३ सालच्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या एकेका भागाचे मोल टक्क्यांत लिहिलेले होते. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे मानले जाते, तर्जनी गेली तर १४, मधले बोट गेले तर १२ टक्क्यांनी. सुताराच्या बाबतीत हे आकडे अपुरेच वाटतात. अंगठ्याशिवाय पटाशी कशी धरायची?

पण ही भरपाई मालकाने नोकराला द्यायची असते. जो मिस्त्री स्वतःचे यंत्र घेऊन स्वतः ठेका घेतो, तो स्वतःचाच मालक होतो. त्याचे बोट गेले तर बहुधा मागायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतो. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चांगलीच आहे. पण कायमच्या अंशतः अपंगत्वाचे तिचे १ लाख रुपये पूर्ण हात, पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर मिळतात, एका बोटासाठी नाही. म्हणून यंत्र घेताना बोटांच्या हानीचाही समावेश असलेला वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. इमारतीच्या कामावर वर्षातून ९० दिवस भरलेल्या सुताराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीही करावी. आणि हाताखाली मदतनीस असेल, तर त्याच्या बोटांची जबाबदारी आता यंत्राच्या मालकावर आली, हे विसरू नये.

मग घ्यावे की नाही?

रोजची चिराई असेल आणि आज ती उलट्या कटरवर चालत असेल, तर घ्यावे. पण पूर्ण घ्यावे. गार्ड, रायव्हिंग नाइफ आणि पुश स्टिक खोक्यात आहेत का, ते दुकानातच पाहावे. झाकण काढून ठेवायचे असेल, तर नव्या यंत्रावरचा निम्मा खर्च वाया गेला म्हणून समजावे.

वापरताना पाते लाकडाच्या वर जेमतेम दातभर ठेवावे. पात्यापासून वीतभर अंतरात हात नेऊ नये, तेथे काठी वापरावी. पात्याच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे. हातमोजे घालू नयेत. पाते मोजा पकडते आणि त्यासह हात ओढून नेते. मनगटातला गंडा-दोरा, लोंबणारी बाही यांचेही तेच. डोळ्यांवर चष्मा असावा. सेंट्रिंगच्या जुन्या फळ्यांत खिळे आणि सिमेंट असते, त्या आधी तपासाव्यात. अडकलेला तुकडा काढायचा असेल तर आधी वीज बंद करून पिन काढावी. आणि दिवसाच्या शेवटी, ‘एवढा एकच काप राहिलाय’ असे मनात आले, की तो उद्यावर टाकावा.

घरमालकांनाही यात भाग आहे. आपल्या फ्लॅटमध्ये काम सुरू असताना कपाटाचा रंग जसा पाहिला जातो, तसे एकदा करवतीकडेही पाहावे. झाकण नसलेल्या पात्यावर काम करू नका, एक दिवस जास्त लागला तरी चालेल, एवढे मालकाने म्हटले तर मिस्त्रीवरची घाई उतरते. बऱ्याच बोटांचा घात त्या घाईनेच केलेला असतो.

खंडेनवमीला आणि विश्वकर्मा पूजेला साइटवरची यंत्रे पुसली जातात, त्यांना हळद-कुंकू लागते, फूल वाहिले जाते आणि त्या दिवशी पाते फिरत नाही. त्या दिवशी गोणपाटाखाली पडलेले गार्ड शोधून, पुसून, पुन्हा यंत्रावर बसवले, तर ती पूजा पुढे वर्षभर हाताला पावेल.